निश्चल पाण्याची साक्ष

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यानजीकच्या बेर सरोवरावर २८ मार्च १९१० रोजी आंरी फाब्र याने पाण्यावरून झेपावणारे पहिले विमान उडविले, त्या वेळी त्याला उड्डाणाचा कसलाही पूर्वानुभव नव्हता. अलास्कातील अँकरेजच्या लेक हूडवर आज ही विद्या शिकू पाहणाऱ्यास तशी मुभा नाही. निघण्यापूर्वी फ्लोटच्या, म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगविणाऱ्या पोकळ पायांच्या, प्रत्येक कप्प्यात झिरपलेले पाणी हातपंपाने उपसावे, आणि ब्रेक नसलेले हे वाहन आपसूक वाऱ्याकडे तोंड फिरविते हे जाणूनच धक्का सोडावा, इतके सरावाने साधते. खरी परीक्षा होते ती वारा पूर्णपणे पडल्यावर.

काठावरच्या माणसास आरशासारखे स्तब्ध पाणी निर्धोक वाटते. वस्तुतः त्यावर एकही तरंग नसल्याने उतरताना उंची अजमाविण्यास दृष्टीला आधार उरत नाही, आणि ढग व पर्वत खाली स्वच्छ दिसत असता पृष्ठभाग तेवढा दिसेनासा होतो. कोणी पाणी आलेच असे समजून बऱ्याच उंचीवर नाक उचलतो आणि वेग गमावून कोसळतो; कोणी ते अजून दूर आहे या भ्रमात सरळ त्यात घुसतो. वेदान्त्यांचा रज्जुसर्प, म्हणजे दोरीच्या ठिकाणी भासणारा साप, अंधुक उजेडात उपजतो. पाण्याचा हा अध्यास, हा भास, मात्र निर्मळपणाच्याच पोटी जन्म घेतो.

डोळ्यांची जबानी अशी फिरली असता निवाडा कोणाच्या साक्षीवर करावा? गुरू सांगतो की, किनाऱ्याला धरून यावे, नाक किंचित वर ठेवावे, मिनिटाला दीडशे फुटांहून अधिक नाही असा संथ उतार यंत्रावर बांधून घ्यावा, आणि मग पाणी शोधू नये, ते येऊ द्यावे. नैयायिकांच्या परिभाषेत, प्रत्यक्षाचा अखत्यार येथे अनुमान आणि आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू जाणत्याचा शब्द, यांच्याकडे जातो.

असे विसंबणे ही श्रद्धाच. श्रद्धा म्हणजे डोळे मिटणे, असे तिचे निंदक म्हणतात, आणि श्रद्धा म्हणजे हात सोडणे, असे तिचे काही भक्तही मानतात. परंतु या शिकाऊ वैमानिकाचे डोळे किनाऱ्यावर व यंत्राच्या काट्यावर जागे असतात, हात नियंत्रणावर असतो, आणि पाणी नेमके कोणत्या क्षणी लागावे हे ठरविण्याचा हक्क तेवढा त्याने राजीखुशीने सोडलेला असतो. मला श्रद्धेचा अर्थ एवढाच वाटतो. मग फ्लोटच्या तळाशी पाणी खरखरते, विमान किंचित मागे खेचले जाते, डोळ्यांना जे नाकारले गेले ते स्पर्शाने हाती येते. आणि मागे उमटलेल्या लाटांमुळे, पाणी कोठे होते, ते आता दिसू लागते.