पवनसुताकडे मागणं

हे मारुतीराया, हे पवनसुता,

पाऊस परतला, ऑक्टोबर उजाडला, की आमच्या मुंबईवर धुरकं उतरतं. थंडी सरेपर्यंत ते येत-जात राहतं. वांद्र्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर समोरची वरळी दिसत नाही, सागरी सेतू अर्ध्यातच विरून जातो. गोवंडी-देवनारच्या गल्ल्यांत डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, रात्ररात्र कोरड्या खोकल्याची ढास लागते. दवाखान्यात नेब्युलायझरसाठी मुलांना मांडीवर घेऊन आया ताटकळत बसतात. या शहराचं गाऱ्हाणं घेऊन आम्ही तुझ्यापुढे उभे आहोत.

तू वाऱ्याचा मुलगा. तुझ्या बाळपणीची गोष्ट आमच्या घराघरांत सांगतात. उगवता सूर्य फळ वाटला म्हणून तू झेपावलास, इंद्राचं वज्र लागलं आणि तू कोसळलास. तेव्हा वायूने तुला उचलून गुहेत नेलं आणि वाहणंच थांबवलं. तिन्ही लोक गुदमरले, देवांनाही श्वास घेता येईना. सगळे धावत आले, तुला उठवलं, वर दिले, तेव्हा कुठे वारा पुन्हा सुटला. एका लेकरासाठी अवघं जग थांबवणारा बाप तू पाहिला आहेस. आमच्याकडे आता उलटं होतं. वारा थांबला की लेकरं घुसमटतात, आणि जग मात्र चालूच राहतं. देवा, हे तुला बघवत नसेल.

यात तुझ्या पित्याचा दोष नाही, हे आम्ही जाणतो. थंडीत रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. समुद्रावरचा वारा उशिरा सुरू होतो. हे ऋतूचं चक्र आमच्या पणजोबांच्या काळीही असंच होतं. त्या थराखाली जे साठतं, ते मात्र आमच्या हातचं आहे. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, उघड्या डंपरमधून सांडणारी माती, तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटमधली सिमेंटची भुकटी, डिझेलचा धूर, माहुल-चेंबूरकडची धुराडी, लाकडावरच्या भट्ट्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेला कचरा. देवनारला 1927 पासून शहराचा कचरा पडतो आहे. जानेवारी 2016 मध्ये ते डम्पिंग पेटलं, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही टाकलेलंच आमच्या छातीत परत आलं.

म्हणून मारुतीराया, नुसता वारा पाठव असं आम्ही मागत नाही. वारा सुटला की आमचं आभाळ निवळेल, पण आमची घाण लोटली जाईल ती कुणाच्या तरी दारात. असलं मागणं घेऊन तुझ्यापुढे येणं आम्हाला शोभत नाही. तू बळाचा देव, तसाच बुद्धीचाही. आम्हाला आधी बुद्धी दे.

जे डोळ्यांना दिसत नाही ते समजून घेण्याची बुद्धी दे. पीएम 2.5 म्हणतात तो कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढा. नाकातल्या केसांना तो अडत नाही, फुप्फुसाच्या तळाशी जातो, तिथून रक्तात उतरतो. दमा बळावतो तो त्याच्यामुळे, आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो तोही त्याच्यामुळे. बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्येच जाहीर केलं. घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने हे कण 15 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नयेत, असं ती संघटना 2021 पासून सांगते. आमच्या देशाची मर्यादा 60 आहे, आणि धुरक्याच्या दिवसांत शहरातले कितीतरी भाग तीही ओलांडतात. देवा, सवय झाली म्हणून विष गोड होत नाही, हे आमच्या मनावर ठसव.

घराबाहेर पाऊल टाकण्याआधी हवेचा आकडा बघण्याची सवय आम्हाला लाव. तो सांगायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'सफर' आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' हे अॅप आहे. पावसाचा अंदाज बघून छत्री घेणारी माणसं आम्ही, हवेचा निर्देशांक बघून दिवस आखायला आम्हाला जड जाऊ नये. तो 200 च्या वर गेला की हवा वाईट, 300 च्या वर अतिवाईट. पण लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका, दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण यांनी 100 ओलांडताच जपायला हवं. हे त्यांच्या घरच्यांच्या ध्यानात राहू दे.

तालमीतल्या मातीचा तू देव. तुझं नाव घेऊन जोर-बैठका काढणाऱ्या तुझ्या भक्तांना तूच सांग, की धुरक्याच्या दिवशी मैदानात घाम गाळणं ही तुझी सेवा नव्हे. धावणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा ओढतो, आणि तितकंच त्या हवेतलं विषही. शिवाजी पार्कची लाल धूळ उडत असेल त्या दिवशी त्यांची पावलं घरीच थांबव. पहाटे फिरायला जाणं ज्यांच्या हाडीमाशी खिळलं आहे, त्या आजी-आजोबांना थोडा धीर धरायला लाव. हवा सर्वांत जड असते ती सकाळच्या त्या वेळीच. ऊन चढून समुद्राचा वारा सुटला की मग त्यांना बाहेर काढ. शाळेतल्या बाईंना आणि सरांना बळ दे, की आकडा चढला त्या दिवशी पीटीचा तास ते वर्गात घेतील आणि त्याबद्दल कुणी त्यांना बोल लावणार नाही.

तोंडावर रुमाल बांधला, ओढणी गुंडाळली की झालं, या समजुतीतून आम्हाला सोडव. त्याने जाड धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत. एन-95 मास्क ते अडवतो, पण नाकावरची पट्टी दाबून, कडेला फट न ठेवता घातला तरच. दाढीमुळे फट राहते. मळलेला, ओला झालेला, श्वास घ्यायला जड जाणारा मास्क टाकून द्यावा लागतो. धुरातले विषारी वायू तोही अडवत नाही, म्हणून मास्क घालून धुरात उभं राहायचं धाडस आम्हाला देऊ नकोस. तान्ह्या बाळाला तो घालता येत नाही. त्याला घरात ठेवणं हेच त्याचं रक्षण.

आणि देवा, घरातली हवाही सांभाळायला शिकव. केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसू दे. रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी बंद आणि दुपारी वारा सुटल्यावर उघडी असू दे. स्वयंपाक चालू असताना मात्र कुठलंही घर कोंडलेलं राहू देऊ नकोस. ज्यांना हवा शुद्ध करणारं हेपा गाळणीचं यंत्र परवडतं, त्यांच्याकडे निदान एक खोली तरी अशी होऊ दे, जिथे घरातला आजारी माणूस निवांत झोपेल. मच्छरांची कॉइल उशाशी जळू नये, रात्रभर मच्छरदाणी असावी. आणि जिथे दमेकरी माणूस आहे, तिथे तुझ्यापुढे उदबत्ती-धूप लागला नाही तरी रागावू नकोस. रुईची माळ, तेलाची एक धार आणि हात जोडलेला माणूस तुला पुरेल, अशी आमची श्रद्धा आहे.

खोट्या आधारांपासून आम्हाला वाचव. गूळ खाल्ल्याने फुप्फुसातली धूळ धुऊन जात नाही. वाफाऱ्याने घसा मोकळा वाटतो, पण छातीत उतरलेला कण निघत नाही. खिडकीतल्या दोन कुंड्या मनाला बरं वाटायला आहेत, हवा गाळायला पुऱ्या पडत नाहीत. दम्याचा पंप घ्यायला लाजणाऱ्या तरुणांची लाज घालव. पंपाची सवय लागते, या भीतीने मुलाचं औषध मधेच तोडणाऱ्या आईला समजावून सांगणारा डॉक्टर भेटू दे. छातीत घरघर, बोलता बोलता लागणारी धाप, ओठांवरची निळसर झाक, छातीतली कळ, ही लक्षणं दिसताच रुग्णालय गाठण्याची सुबुद्धी घराला सुचू दे. 'हवा बदलली आहे, जाईल आपोआप' म्हणत कुणी रात्र काढू नये.

पण मारुतीराया, एवढं सगळं शिकलो तरी तो शहाणपणा खिडकी असलेल्यांचाच. ज्यांना बंद करायला खिडकीच नाही, त्यांच्यासाठी आमचं खरं मागणं आहे.

पहाटे पाचला हातात झाडू घेणाऱ्या सफाई कामगार बाईसाठी मागतो. शहर झोपलेलं असतं तेव्हा रस्त्याची सगळी धूळ तिच्या तोंडावर उडते. चौकात आठ तास उभ्या असलेल्या वाहतूक हवालदारासाठी मागतो. नाक्यावर कामाची वाट बघणाऱ्या आणि मग वरच्या मजल्यावर सिमेंटची गोणी वाहणाऱ्या बिगाऱ्यासाठी, बांधकामावर झोळीत निजवलेल्या त्याच्या तान्ह्या पोरीसाठी मागतो. देवनारच्या ढिगाऱ्यावर हाताने कचरा निवडणाऱ्या बायकांसाठी, जेवणाचे डबे आणि पार्सलं पोचवायला दुचाकीवर दिवसभर हिंडणाऱ्या पोरांसाठी, फूटपाथवर संसार मांडलेल्यांसाठी मागतो. घरात थांबा, असं त्यांना सांगणं म्हणजे आज जेवू नका असं सांगणं. त्यांच्या मुकादमाला, कंत्राटदाराला, मालकाला जाग दे. चांगले मास्क त्यांच्या हातात पडू देत. वाईट हवेच्या दिवशी जड काम पुढे ढकललं जाऊ दे, पण रोजगार बुडू देऊ नकोस. वर्षातून एकदा त्यांची फुप्फुसं कुणीतरी तपासू दे.

रात्रपाळीचा रखवालदार थंडीत प्लास्टिक आणि कागद पेटवून शेक घेतो. त्याच्यावर ओरडण्याआधी त्याला घोंगडी आणि गरम चहा द्यायची बुद्धी सोसायटीला दे. बेकरीवाल्याचंही तसंच. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. या शहराची भूक पावावर भागते आणि तो पाव भाजणाऱ्यांचं पोटही त्या भट्टीवरच आहे. भट्टीचा धूर जाऊ दे, भट्टीवाल्याचा धंदा राहू दे.

ज्यांच्या सहीने परवानग्या मिळतात आणि ज्यांच्या आदेशाने त्या थांबतात, त्यांनाही तुझ्या पायाशी आणून उभं करतो. ऑक्टोबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने नियम काढले: एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती 35 फूट उंच पत्रे, बांधकामावर हिरवं कापड, पाण्याची फवारणी, झाकलेले डंपर. त्या दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा एवढेच वाजावेत, असंही न्यायालयाने बजावलं. डिसेंबर 2024 च्या अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामं थांबवण्यात आली. नियम आहेत, देवा. ते पाळले जातात का, हे बघायला रोज जागेवर जाणारी माणसं हवीत, आणि त्यांना कुणाच्या फोनला न भिण्याची छाती हवी. ती छाती तू दे. आणि दिवाळीत स्वतःच्या हातातली फटाक्यांची माळ खाली ठेवण्याइतकी आमची मनं मोठी कर.

तुझे उपकारही आम्ही विसरत नाही. पावसाळ्याचे चार महिने तू हे आकाश धुऊन देतोस. दुपारी समुद्रावरून येणारी झुळूक तू अजून पाठवतोस. रात्री-अपरात्री गुदमरलेल्या मुलाच्या नाकाला मास्क लावणारी परिचारिका, यंत्रांपुढे बसून हवेचा आकडा खराखुरा सांगणारे शास्त्रज्ञ, स्वतःच्या वस्तीतल्या धुराविरुद्ध वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणारे रहिवासी, ही तुझीच माणसं. त्यांना दीर्घायुष्य दे.

माणूस दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो. त्यातला एकही तो विकत घेत नाही, उधार ठेवत नाही, दुसऱ्याला वाटून देऊ शकत नाही. हवा तेवढी सर्वांची एक आहे. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर आणि त्याच्या पायाशी असलेल्या झोपडीत ती एकच फिरते. हे एवढं जरी आम्हाला पटलं, तरी धूर सोडताना आमचा हात थबकेल. धूर कमी करणं हे आमचं काम आहे, ते तुझ्यावर टाकत नाही. ते पुरं होईपर्यंत एकमेकांचा श्वास सांभाळणं हेही आमचंच काम. दोन्हींसाठी लागणारं बळ दे, मारुतीराया, आणि बळाच्याही आधी शेजारच्याच्या श्वासाची चाड दे.