अपराध की अवस्था?

लहान मुलाच्या हातून चूक घडली असता तिचा दोष कोणाच्या पदरी घालावा, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच चर्चिला जातो. तेथे विवेचन असते ते जाणत्या माणसांच्या पापपुण्याचे. परंतु घरोघरी संध्याकाळी दप्तर उघडताना जो न्यायनिवाडा चालतो, त्यातील आरोपी सात-आठ वर्षांचा असतो; आणि फिर्यादी, न्यायाधीश व शिक्षा अमलात आणणारा हे तिन्ही अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती असतात. कोणत्याही सरकारी खात्यात अशी व्यवस्था कोणी खपवून घेणार नाही. माझ्या घरी मात्र ती दोन वर्षे बिनबोभाट चालली होती.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. रायपूरहून लखनौला बदली झाल्यापासून त्याच्या शाळेच्या डायरीत तांबड्या शाईचे शेरे वाढू लागले. ‘जागेवर बसत नाही’, ‘प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर देतो’, ‘गणिते अर्धवट’. एका सत्रात तीन कंपासपेट्या आणि एक स्वेटर हरवला. प्रथम आम्ही बदलीला बोल लावला. घरात मराठी, शाळेत हिंदी व इंग्रजी, आजी-आजोबा दूर गावी. मूल बावरणारच, अशी आम्ही समजूत करून घेतली. आपणांपैकी ज्यांची बिऱ्हाडे दर तीन-चार वर्षांनी हलतात, त्यांस ही सबब परिचयाची असेल. ती सर्वस्वी खोटी नसते, म्हणूनच ती फार काळ टिकते. नव्या शाळेतील शिक्षकांस मुलाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, आणि आपणही प्रत्येक गावी नव्याने आशा बाळगतो.

वर्ष उलटल्यावर ही सबब संपली, आणि मी ‘आळस’ व ‘हट्ट’ या दोन शब्दांवर आलो. मग हातही उगारला. दर वेळी मुलगा म्हणे, “बाबा, उद्या नक्की करीन.” हे तो मनापासून म्हणत असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होई. मी त्यास खोटे बोलणे समजलो. एखाद्याची इच्छा खरी असून तिच्यावर अंमल करण्याची शक्ती अपुरी असू शकेल, हे मला सुचले नाही. वस्तुतः माझ्या स्वतःच्या पहाटे उठण्याच्या संकल्पांचा इतिहास पाहता ते सुचावयास हरकत नव्हती.

या विषयाचा इतिहास नीतीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९०२ साली जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्याने देऊन अशा काही मुलांचे वर्णन केले. त्यांपैकी अनेकांची बुद्धी चांगली होती. तथापि त्यांस स्वतःला आवरता येत नसे. स्टिलने या अवस्थेस ‘नैतिक नियंत्रणाचा दोष’ म्हटले. शब्द नीतीचा होता, पण कारण मात्र त्याने शरीरात शोधले. पुढे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८ साली या अवस्थेच्या नावात अतिचंचलतेस मान दिला, १९८० साली अवधानाच्या न्यूनतेस, आणि १९८७ साली दोन्ही एकत्र आणून जे नाव सिद्ध केले, तेच आज एडीएचडी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. नीतीचा शब्द नावातून गेला. घरांतून व वर्गांतून तो अद्यापि गेलेला नाही.

तो जात नाही यास कारण आहे. ज्याची दृष्टी अधू आहे त्यास फळ्यावरचे अक्षर कधीच दिसत नाही, म्हणून आपण त्यास चष्मा देतो. छडी देत नाही. परंतु हाच मुलगा मोडके घड्याळ उघडून दोन तास मान वर न करता बसतो. मग पाढे म्हणतानाच त्याचे चित्त का उडावे? सकृद्दर्शनी हा लबाडीचा पुरावाच वाटतो. खरी गोष्ट अशी की, अशा मुलास लक्ष नसते असे नव्हे, त्या लक्षावर हुकमत नसते. आवडीची वा नवी वस्तु ते ओढून नेते. जेथे गोडी नाही तेथे त्यास बळे बसविण्याची मेंदूची शक्ती उणी पडते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. प्रत्येक खोडकर मुलास हे नाव चिकटविणे हाही अन्यायच होय. म्हणून २०१३ सालच्या अमेरिकन निकषांत अटी घातल्या आहेत: लक्षणे बारा वर्षे वयापूर्वी दिसलेली असावीत, निदान सहा महिने टिकलेली असावीत, आणि घर व शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी दिसावीत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नऊ लाखांहून अधिक मुलांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांत हे निदान सर्वांत मोठ्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणजे काही मुलांचा ‘रोग’ केवळ कोवळे वय हाच असावा. याउलट, दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुली कित्येकदा कोणाच्या ध्यानातच येत नाहीत.

आम्ही अखेरीस ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी प्रथम मुलाची श्रवणशक्ती, दृष्टी व झोप यांची चौकशी केली आणि शिक्षिकेकडून प्रश्नावली भरून आणावयास सांगितले. त्यानंतरचे उपाय इतके साधे होते की मी थोडा खट्टू झालो. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन द्यावी. अभ्यास दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांनी घ्यावा. दप्तराची जागा ठरलेली असावी. वर्गात पुढचा बाक मिळावा. चांगल्या कृतीचे कौतुक तत्क्षणी करावे. काही महिन्यांनी यास औषधाची जोड मिळाली.

औषधाविषयी मन सहजी तयार होत नाही. मिथाइलफेनिडेट हे १९४४ साली प्रथम तयार झालेले उत्तेजक द्रव्य आपल्या देशात कडक निर्बंधांखाली विकले जाते. त्याने भूक मंदावते, झोप कमी होऊ शकते. म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब पाहत राहावे लागते. १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या चौदा महिन्यांच्या अभ्यासात, काळजीपूर्वक देखरेखीखालील औषधाने मुख्य लक्षणे सर्वांत अधिक उतरली, आणि वर्तनविषयक मार्गदर्शनाची जोड असता कमी मात्रा पुरली. मात्र तीन वर्षांनी पाहता निरनिराळ्या उपचारांच्या गटांमधील हे अंतर उरले नव्हते. आपल्या सोयीसाठी मूल गप्प करणे हा औषधाचा हेतु असेल, तर तो निंद्यच होय. मी स्वतःस एकच कसोटी लावली: याने मुलाचा लाभ होतो की माझा? एके दिवशी तो शाळेतून आला आणि म्हणाला, “आज बाईंनी सांगितलेलं शेवटपर्यंत ऐकू आलं.” माझ्या शंकेचे उत्तर मला तेथे मिळाले.

‘रोग म्हटले की सर्व अपराध माफ’ असा आक्षेप माझ्या वडिलांनी फोनवर घेतला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण समजणे आणि मोकळीक देणे या दोन भिन्न गोष्टी होत. धाकट्या बहिणीस ढकलले तर मुलाने तिची क्षमा मागितलीच पाहिजे. परंतु ती त्याच घटकेस मागवून घ्यावी, आणि पुढच्या वेळी तसे न घडेल अशी व्यवस्था आपण करावी. निदानाने जबाबदारी नाहीशी होत नाही. तिचा मोठा हिस्सा आठ वर्षांच्या खांद्यावरून अडतीस वर्षांच्या खांद्यावर येतो, एवढेच.

हा हिस्सा मला अनपेक्षित रीतीने पोचला. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के मानतात. डॉक्टरांनी सहज विचारले, “आपले बालपण कसे होते?” हरवलेल्या छत्र्या, अर्धवट वह्या आणि अण्णांच्या हातची पट्टी मला आठवली. अण्णांस दोष देण्याचे धैर्य मला नाही; त्यांस हे सांगणारे कोणी नव्हते. मला मात्र सांगितले गेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. घराच्या उंबरठ्याआत ते कलम पोचत नाही. तेथे आपला विवेकच काय तो चालावयाचा.

समर्थांनी चंचल मनास उपदेश करताना त्यास आरंभीच सज्जन म्हणून हाक मारली. दप्तर उघडताना आजकाल मी ते आठवण्याचा यत्न करतो. कधी साधते, कधी साधत नाही. न साधले त्या दिवशी मीही मुलास सांगतो की उद्या नक्की करीन. आणि तो माझ्यावर विश्वास ठेवतो.