गिनीपिगचं फुप्फुस आणि खाणकामगाराचं

मद्रासच्या चेटपेट भागात 1956 साली क्षयरोगाच्या उपचारांवर संशोधन करणारं केंद्र उभं राहिलं. गरीब वस्तीतल्या रुग्णाला घरीच औषध दिलं तरी तो सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे या केंद्राने सिद्ध केलं आणि त्यासाठी ते जगभर ओळखलं जातं. त्याच कामातून 1960 मध्ये पुढे आलेली दुसरी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मद्रासच्या रुग्णांकडून मिळवलेले क्षयाचे जंतू गिनीपिगला टोचले, तेव्हा ब्रिटिश रुग्णांच्या जंतूंच्या मानाने त्यातले बरेचसे सौम्य ठरले. रॉबर्ट कॉखच्या काळापासून क्षयाच्या बाबतीत गिनीपिगची साक्ष प्रमाण मानली जात होती. आणि ज्यांना तो सौम्य ठरवत होता, त्याच जंतूंनी मद्रासच्या माणसांची फुप्फुसं पोखरली होती.

धुळीच्या आजारांचा विचार करताना मला प्राणी आणि माणूस यांच्यातली ही तफावत पुन्हा पुन्हा आठवते. आजच्या चेन्नई विमानतळासमोरचे त्रिशूलम-पल्लावरमचे डोंगर शहराच्या खडीसाठी वर्षानुवर्षं फोडले गेले. त्या दगडात गारगोटी असते. तो फोडला की सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते आणि फुप्फुसात खोल जाऊन बसते. ती बाहेर पडत नाही. हळूहळू फुप्फुस घट्ट होतं, चार पावलं चाललं तरी धाप लागते, आणि त्या छातीत क्षय सहज शिरतो. कोलारच्या सोन्याच्या खाणींत 1940 च्या दशकात सुमारे साडेसात हजार कामगार तपासले, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना हा आजार, म्हणजे सिलिकोसिस, निघाला.

या आजाराच्या अभ्यासात प्राणी आला तो प्रामाणिक कुतूहलातून. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक इथे लेरॉय गार्डनरने 1920 च्या दशकात गिनीपिगना धुळीच्या खोल्यांत ठेवलं. सौम्य क्षयजंतूंची लागण होऊन बरे होत आलेले प्राणी गारगोटीच्या धुळीत राहिले की त्यांचा क्षय पुन्हा उफाळायचा. खाणीत क्षय एवढा का पसरतो, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर तोवर कुणी दिलं नव्हतं. आपल्याकडे लखनौला सिब्ते हसन झैदींनी हीच परंपरा चालवली. धुळीच्या प्रायोगिक आजारांवरचं त्यांचं पुस्तक 1969 साली अमेरिकेत छापलं गेलं.

मात्र गार्डनरच्याच प्रयोगशाळेत पुढे जे झालं ते क्लेशकारक आहे. 1936 पासून अ‍ॅस्बेस्टॉस कंपन्यांनी त्याला पैसा पुरवला. निष्कर्षांवर मालकी त्यांची. 1943 मध्ये त्याला अ‍ॅस्बेस्टॉस हुंगलेल्या उंदरांत फुप्फुसाच्या गाठी मोठ्या प्रमाणात दिसल्या. प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा करायला हवा, असं त्याचं स्वतःचं मत होतं. 1946 मध्ये तो वारला, आणि 1951 साली छापलेल्या अहवालात कर्करोगाचा उल्लेख नव्हता.

याहून वाईट गोष्ट कॅनडातली. 1937 साली डेनी, रॉबसन आणि आयर्विन यांनी दाखवलं की गारगोटीच्या धुळीबरोबर अ‍ॅल्युमिनियमची पूड दिली तर सशांना सिलिकोसिस होत नाही. सशांनी हमी दिली आणि 1943 पासून ओंटारियोच्या खाणींत पाळीआधी कपडे बदलायच्या खोलीत बारीक काळी अ‍ॅल्युमिनियम पूड सोडली जाऊ लागली. कामगारांनी ती छाती भरून घ्यायची. हे 1979 पर्यंत चाललं. सिलिकोसिस थांबल्याचा पुरावा माणसांत मिळालाच नाही. 2020 च्या अभ्यासात त्या कामगारांत पार्किन्सन अधिक आढळला, आणि ओंटारियोने पुढे तो व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. धूळ कमी करायला पाणी आणि हवा खेळती ठेवणारे पंखे लागतात, त्याला खर्च येतो. पूड स्वस्त होती. सशाचा पुरावा इतक्या घाईने स्वीकारला गेला, यामागे हे कारण असावं असं मला वाटतं.

सशाची किंवा उंदराची चूक नव्हती. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो. घण मारणारा माणूस दमला की तोंडाने हवा ओढतो. माणसाच्या फुप्फुसात धूळ जिथे साचते त्या श्वासनलिकांच्या शेवटच्या बारीक फांद्या उंदराला जवळजवळ नसतातच. त्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, सिलिकोसिसला अनेकदा दहा-वीस वर्षं लागतात. गारगोटीने उंदराला फुप्फुसाचा कर्करोग होतो, हॅमस्टरला होत नाही. मग माणूस कुणासारखा? याचं उत्तर माणसाकडेच शोधावं लागतं. 1960 साली जे. सी. वॅग्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या, 33 रुग्णांची नोंद केली आणि त्याचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी असलेला संबंध उघड झाला. उंदरांवरचे त्याचे गाजलेले प्रयोग त्यानंतर, 1974 मध्ये आले. आधी माणूस, मग उंदीर, असा क्रम होता.

त्याच 1960 साली भारतात प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा झाला. त्यामागे मद्रासच्या कलाक्षेत्राच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, आणि पुढे पशुकल्याण मंडळाचं मुख्यालय दीर्घकाळ याच शहरात राहिलं. प्रयोगांवर सरसकट बंदी त्या कायद्याने घातली नाही. पण छोट्या प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका, वेदना होऊ देऊ नका, गरज नसेल तर प्रयोगच टाळा, असा दंडक घातला. गरज नसेल तर, हे शब्द मला धुळीच्या बाबतीत फार मोलाचे वाटतात. गरज कधी असते? 2008 मध्ये एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी लांब कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या, आणि अ‍ॅस्बेस्टॉससारखाच दाह दिसला. अशा वस्तूने माणूस आजारी पडण्याआधी मिळालेला हा इशारा आहे, आणि त्यासाठी उंदीर खर्ची घालणं मी समजू शकतो. पण सिलिकाबद्दल आता विचारायचं काय उरलं आहे? ऑस्ट्रेलियात कृत्रिम दगडाचे ओटे कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने कोसळू लागले, आणि तिथल्या सरकारांनी जुलै 2024 पासून तो दगडच बंद केला. पुरावा कामगारांच्या एक्स-रेमध्ये होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: नवी वस्तू बाजारात येण्याआधी प्राण्याला विचारा, कामगार खोकू लागल्यावर नको. खाणीत ओलं ड्रिलिंग, क्रशरवर धूळ ओढून घेणारी यंत्रणा, दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि त्याची नोंद कामगाराच्या हातात, या गोष्टी आजच्या माहितीवर उभ्या राहू शकतात. राजस्थानने 2019 मध्ये धुळीच्या आजारांसाठी पुनर्वसनाचं स्वतंत्र धोरण केलं. जिथे जिथे दगड फोडला जातो त्या प्रत्येक राज्याने तसं धोरण करावं, आणि त्यासाठी कुठल्याही नव्या प्रयोगाची वाट पाहू नये.