प्रश्नपत्रिकेपासून खेळापर्यंत

‘लातूर पॅटर्न’ या नावाने परीक्षेच्या तयारीच्या ज्या पद्धतीचा लौकिक महाराष्ट्रभर पसरला, तिची चर्चा बहुधा गुणवत्ता यादीतील नावांपाशीच थांबते. परंतु 1970 साली स्थापन झालेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांचे सहकारी यांनी जे उभे केले, त्यातील खरी नवलाई यशस्वी विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांच्या एकत्र कामात होती, असे माझे मत आहे. आपला तास घेतला की जबाबदारी संपली, हा जुना प्राध्यापकी दस्तूर तेथे मोडला. जादा तास, सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची छाननी ही सारी कामे सामुदायिक झाली. वाघमारे स्वतः इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. 1994 साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच.

चांगली सराव प्रश्नपत्रिका रचणे ही सामान्य कारागिरी नव्हे. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे लिहावयाचे, पण ते असे की, ज्याने सूत्र पाठ केले आणि त्याचा अर्थ जाणला नाही, तो नेमका त्यांतल्या एकावर बोट ठेवील. म्हणजे रचणाऱ्याला मुले कोठे व का घसरतात हे आधी ठाऊक असावे लागते. सोप्यापासून अवघडापर्यंतची चढण किती तीव्र ठेवावी, हा विवेकही त्यातच येतो. संगणकावरचा खेळ घडविणारा मनुष्य आयुष्यभर हेच करीत असतो! भेद एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात व चुकीपायी 1 गुण वजा होतो, तर खेळात चूक ही पुढच्या डावाची तालीम ठरते.

आणि लातूरच्या शिक्षकांप्रमाणेच खेळ घडविणाऱ्यांनाही एकत्र काम करावे लागते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संघाने 2020 साली ‘राजी’ हा संगणकावरचा खेळ जगापुढे आणला. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी वास्तुशिल्पाची आठवण देणारे महाल आणि मधल्या कथा सांगणाऱ्या छायाबाहुल्या, एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे. लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी काम थांबले नाही. अशा कामात चित्रकार, संगीतकार, कथाकार आणि प्रोग्रामर यांपैकी कोणाचेही ज्ञान दुसऱ्याला पुरते कळत नाही. म्हणून संघनायकाचा हुकूम तेथे फारसा चालत नाही. ज्या महालावर चित्रकाराने महिने घालविले, तो खेळणाऱ्याची वाट अडवीत असेल, तर हे त्याला सांगण्याचे धैर्य आणि सांगूनही त्याचा हुरूप शाबूत ठेवण्याचे सौजन्य, या दोहोंवर संघनायकाचे नेतृत्व पारखले जाते.

मतभेद सांगूनही माणूस न दुखविण्याचे हे सौजन्य लातूरशेजारच्या नांदेडला नवे नाही. इंटरच्या परीक्षेत अपयश पाहिलेले विचारवंत नरहर कुरुंदकर पुढे तेथील पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि मतभेदाला शत्रुत्व न समजता वाद रंगविणे हा त्यांच्या अध्यापनाचाच भाग होता. निजामी अंमलात जेथे मराठी शिक्षणासाठीच झगडावे लागले, त्या मराठवाड्यात असा प्राचार्य निपजावा, याचे मोल मला गुणवत्ता यादीहून कमी वाटत नाही.

लातूरने शिक्षकांना एकत्र बसविले, पण विद्यार्थ्याला मात्र एकट्यानेच धावावयास लावले, हे या पद्धतीचे उणे आहे. आज लातूरच्या ‘ट्यूशन एरिया’ या खासगी शिकवण्यांच्या वस्तीत दूरदूरची मुले भाड्याच्या खोल्यांत राहून एकमेकांशी स्पर्धा करतात. चौघांनी मिळून काही घडविण्याचा प्रसंग त्या वर्षांत त्यांच्यावर येतच नाही. पुढे संगणकशास्त्र शिकून नोकरीसाठी पुण्याची वाट धरल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना संघात बसावे लागते.

नांदेड-लातूरच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की, आपल्या वेळापत्रकातून आठवड्याची एक दुपार मोकळी करावी. विज्ञान, चित्रकला आणि मराठी या विषयांच्या विद्यार्थ्यांचे मिश्र गट करून त्यांच्याकडून एक खेळ, मग तो पुठ्ठ्याचा असो वा संगणकाचा, रचून घ्यावा. तो जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांपुढे ठेवावा, ती मुले कोठे अडतात व कोठे कंटाळतात ते रचणाऱ्यांनाच पाहू द्यावे, आणि या कामाला गुण देऊ नयेत.