आधी श्वास, मग उपदेश



राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शूनेम गावच्या एका आईची हकीगत आहे. तिचा एकुलता एक मुलगा शेतात बापाकडे गेला असताना डोके धरून कळवळला आणि दुपारपर्यंत आईच्या मांडीवर गतप्राण झाला. आईने त्याला अलीशा संदेष्ट्याच्या खाटेवर निजवले, दार लावून घेतले आणि गाढवीवर बसून ती संदेष्ट्याकडे निघाली. वाटेत अलीशाचा सेवक गेहजी याने विचारले, मुलगा बरा आहे ना? ती म्हणाली, बरा आहे.

घरात मेलेले पोर आणि ओठांवर ‘सगळे ठीक आहे’! हे उत्तर आपल्या ओळखीचे नाही का? ज्या घरात मुलगा गर्दच्या किंवा नशेच्या गोळ्यांच्या आहारी गेला आहे, त्या घरची आई मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटली तर हेच सांगते. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, ही भीती तिचे तोंड बंद करते.

आपला वर्धा जिल्हा गांधीजींचा आणि विनोबांचा. सत्तरच्या दशकापासून येथे दारूबंदी आहे. व्यसन म्हटले की आपल्याला मोहाची दारू आणि खर्रा आठवतो. गर्द ही मुंबईची किंवा पंजाबची गोष्ट, असे आपण समजतो. पण आपलीच मुले कामधंद्यासाठी नागपूरला, पुण्याला, मुंबईला जातात. केंद्र शासनाने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूच्या जातीची नशा करतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. या जातीत अफू येते, गर्द म्हणजे ब्राऊन शुगर येते, तसेच कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्याही येतात.

या नशेने मृत्यू कसा येतो, हे प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे. मेंदूत श्वास चालवणारे केंद्र आहे. मात्रा जास्त झाली की ते मंदावते. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, घशातून घरघर येते, ओठ आणि नखे निळी पडतात, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. श्वास कमी कमी होत थांबतो. बहुधा हे एका क्षणात घडत नाही, मध्ये वेळ असतो. पण जवळचे लोक म्हणतात, ‘झोपू द्या, सकाळी उतरेल.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात अशा अतिमात्रेने जगभर सुमारे सव्वा लाख माणसे मेली.

सर्वांत मोठा धोका कधी असतो? मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परत येतो तेव्हा. काही आठवडे नशा न मिळाल्याने शरीराची सवय मोडलेली असते. मोहाच्या एका क्षणी तो पूर्वीएवढीच मात्रा घेतो आणि तीच त्याला मारते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या, किंवा एकट्याने दार लावून नशा केली, तर धोका आणखी वाढतो. म्हणून मुलगा घरी आला की त्याला स्पष्ट सांगा : ‘पुन्हा घेऊ नकोस. पण पाय घसरलाच तर पहिल्याएवढी घेशील तर मरशील. एकटा राहू नकोस, आम्हाला हाक मार.’ हे बोलणे आईबापाला जड जाते. आपणच पडण्याची परवानगी देत आहोत, असे वाटते. ही परवानगी नाही. विहिरीचा कठडा बांधणारा कोणाला उडी मारायला सांगत नसतो.

आता पुन्हा शूनेमकडे वळू. अलीशाने आधी गेहजीच्या हाती आपली काठी पाठवली. गेहजीने ती मुलाच्या तोंडावर ठेवली. ना आवाज, ना हालचाल. आपणही पुष्कळदा काठीच पाठवतो. मारतो, कोंडतो, घराबाहेर काढतो, पोलिसांचा धाक घालतो. श्वास थांबलेल्या देहावर काठीचा काय उपयोग? मग अलीशा स्वतः आला. त्याने दार लावून प्रार्थना केली. पण तो प्रार्थनेवर थांबला नाही. त्याने मुलाच्या तोंडावर तोंड, डोळ्यांवर डोळे, हातांवर हात ठेवले. मुलाचे अंग उबदार झाले, तो सात वेळा शिंकला आणि त्याने डोळे उघडले.

आजचे डॉक्टरही जवळजवळ हेच शिकवतात. माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल तर ताबडतोब १०८ ला फोन करा. त्याला उताणे झोपवा, तोंड साफ करा, डोके मागे कलवून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि दर पाच सेकंदांना एक याप्रमाणे तोंडाने श्वास द्या. जीवाची काहीच हालचाल नसेल तर छातीवर दाब द्या. कसा द्यायचा ते फोनवर विचारा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. मिठाचे पाणी पाजू नका, थंड पाण्याखाली धरू नका, एकटे सोडू नका. सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात पोहोचलात की काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. नॅलोक्सोन नावाचे औषध या नशेचा परिणाम काही मिनिटांत उलटवते. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी आहे. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात डॉक्टरांच्या हाती आहे. त्याचा असर तास-दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा बंद पडू शकतो, म्हणून जाग येताच रुग्णाला घरी आणू नका.

कोणी म्हणेल, ‘फादर, अशांना वाचवून काय उपयोग? ते उद्या पुन्हा तेच करतील.’ व्यसन हे शरीराचा आणि आत्म्याचा नाश करते, ही ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि ती मी सौम्य करीत नाही. पण संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतील तत्त्वज्ञान सांगते की आधी असणे, मग करणे. पश्चात्ताप ही एक कृती आहे आणि ती करायला माणूस जिवंत असावा लागतो. उधळ्या पुत्राला बापाकडे परतायला पाय हवे होते. त्याचा बाप रोज वाट पाहत होता, कारण मुलगा कुठेतरी जिवंत आहे ही त्याची आशा होती.

ही आशा पोकळ नाही. १९८१ मध्ये मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी व्यसनाधीनांसाठी कृपा फाउंडेशन सुरू केले. गर्दने मुंबई-पुण्याची घरे उद्ध्वस्त होत असताना १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले. तेथून माणसे बरी होऊन घरी गेली. त्यांच्यापैकी कित्येक वाटेत पुन्हा घसरली आणि पुन्हा उठली. त्या घसरण्यात ती मेली नाहीत म्हणूनच उठू शकली. आज सरकारी केंद्रांत जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही देतात. ‘एक नशा सोडून दुसरी’ असे म्हणून तिला हिणवू नका. हा उपचार चालू असताना मृत्यूचा धोका पुष्कळ कमी होतो, असे अनेक देशांत दिसून आले आहे.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच, सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे. सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक निःशुल्क आहे.

शूनेमच्या त्या बाईने गेहजीला ‘बरे आहे’ म्हटले, पण अलीशासमोर येताच तिने त्याचे पाय धरले आणि दुःख मोकळे केले. माय-बापहो, सगळ्या गावाला सांगू नका, पण एका तरी माणसाला सांगा. माझे दार रात्री-अपरात्री वाजवा. आणि शेजाऱ्यांनो, असे घर ठाऊक असेल तर त्याच्याविषयी कुजबुजू नका, त्या घरी जाऊन बसा.

मातीच्या माणसात आपला श्वास फुंकणारा परमेश्वर आपल्या मुलांचा श्वास राखो, आणि तो राखण्यासाठी आपले हात वापरो. आमेन.

आपला धर्मगुरू