पडलेला बुरूज आणि राहिलेली साक्ष

(वाचावयाचा भाग : लूक 13:1-5)



शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतर यरुशलेमकरांहून अधिक पापी असली पाहिजेत, हा तर्क ऐकणाऱ्यांच्या मनात असेल हे ओळखून प्रभूने तो स्वतःच मोडून काढला, आणि मेलेल्यांचा न्याय करू पाहणाऱ्या जिवंतांनाच पश्चात्तापाची हाक दिली.

हे वचन जुन्या गोव्यातील मोंते सांतो टेकडीवर आम्हांस फार आठवले. तेथे संत ऑगस्टीनच्या पंथातील संन्याशांचा मठ व त्याचे भव्य मंदिर यांचे भग्नावशेष आहेत. मंदिराचे बांधकाम 1597 ते 1602 या काळातील. आज छप्पर नाही. वेदीच्या जागी गवत उगवते. आणि जांभ्या दगडाचा अर्धा बुरूज तेवढा 46 मीटर उंच आकाशाकडे पाहत उभा आहे.

हे मंदिर कशाने पडले? वीज नाही, शत्रू नाही. 1835 साली सरकारने संन्याशांस काढून लावले आणि घर बेवारस झाले. जांभा दगड पाणी पितो; त्यास चुन्याच्या गिलाव्याचे कवच लागते, आणि ते दर काही वर्षांनी नवे करावे लागते. तसे करणारा कोणी उरला नाही. 1842 साली कमानदार छत खाली आले. 1931 साली दर्शनी भिंत व अर्धा बुरूज ढासळला. मोठी घंटा मात्र वाचली. ती 1871 सालापासून पणजीच्या मंदिरात वाजत आहे.

ओसाड जागेभोवती कथा उगवतातच. माहूरची लेणी मनुष्यांनी छिन्नीने कोरली, तरी लोक त्यांस पांडवलेणी म्हणतात. या मठाचीही एक कथा होती. जॉर्जिया देशातील काखेती प्रांताची राणी केतेवान हिने आपला विश्वास सोडण्यास नकार दिला, म्हणून 1624 साली इराणच्या शाह अब्बासाच्या हुकुमाने तिला शिराझ नगरात हाल करून मारण्यात आले. आणि तिच्या अस्थींचा काही भाग संन्याशांनी गोव्यात आणून याच मठात ठेवला, अशी ती कथा. पोर्तुगीज कागदांत जागेची खूणही होती. परंतु ढिगाऱ्याखाली खिडकीच हरवली होती. या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याने खोदकाम केले, तेव्हा एक अस्थी मिळाली. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ती तपासली. तिच्यातील मातृवंशाची खूण हिंदुस्थानातील हजारो लोकांच्या नमुन्यांत आढळली नाही. जॉर्जियाच्या लोकांत आढळली. 2021 साली भारत सरकारने त्या अवशेषांचा भाग जॉर्जियास सन्मानाने दिला.

बंधूंनो, यातून दोन गोष्टी शिकाव्या. सत्य कसोटीस भीत नाही. म्हणून ऐकीव कथा जशीच्या तशी गिळू नये, आणि न तपासता थुंकूनही टाकू नये. दुसरे असे की, ज्या नगरात या राणीच्या अस्थी आदराने जतन झाल्या, त्याच नगरात 1560 साली इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसले, आणि मध्ये काही वर्षे खंड पडून ते 1812 पर्यंत चालले. तेथे विश्वासाच्या नावाने माणसांवर बळजबरी झाली. बळजबरीपुढे न नमलेल्या स्त्रीचा मान करावा, आणि आपण शेजाऱ्यावर बळजबरी करावी, हे कसे जुळावे? दगडांची उंची म्हणजे पवित्रता नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या रात्रीविषयी आजही कोणी म्हणतो, गावाचे पाप भरले होते. ज्या मातेने आपले लेकरू ढिगाऱ्यातून काढले, तिच्यासमोर हे शब्द उच्चारणे म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा भिंत पाडणे होय. लोक मेले ते पापाच्या वजनाने नव्हे. दगडमातीच्या जाड भिंती व वर माळवदाचा भार, यांखाली ते झोपेत सापडले. प्रभूने शिलोहाविषयी जे नाकारले, ते आपण किल्लारीविषयी बोलू नये. तुमच्या मंडळीत त्या रात्रीचे कोणी वाचलेले असेल, तर त्याच्यापाशी बसा, त्याचे ऐका, आणि कारण सांगू नका.

तथापि प्रभूची हाक तेथेच संपत नाही. गोव्याचा मठ एका दिवसात पडला नाही. दर पावसाळ्यात थोडा थोडा पडला. आपली प्रार्थनाही तशीच पडते. एक रविवार चुकतो, भावाशी एक अबोला राहतो, एक देणे बुडते. गिलावा निघतो आणि पाणी आत शिरते. म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने दोन कामे करावी. घराचे छप्पर व भिंतीच्या भेगा पाहून घ्याव्या, कारण झोपलेल्या लेकरांचे रक्षण हीदेखील देवाची सेवा आहे. आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याचे दार ठोठवावे.

मंदिर पडले, साक्ष राहिली. आपली घरे राहोत, आणि साक्षही राहो. आमेन.