नातं निघालं

आमच्या कड्याला कुठलंही नातं फार वेळ लपून राहत नाही. नगरहून आष्टीकडे येताना आष्टीच्या अलीकडे लागतं ते कडा. 2022 सालापासून तिथं रेल्वेचं स्टेशनही आहे. पण नातं शोधायला रेल्वेपेक्षा एसटी बरी. रेल्वेत माणसं खिडकीबाहेर बघत बसतात, एसटीत शेजाऱ्याकडे बघावंच लागतं.

दोन अनोळखी माणसं शेजारी बसली, की तिकीट फाटायच्या आत सुरुवात होते.

"कुठलं गाव म्हणायचं पाव्हणं?"

"मिरजगाव."

"मिरजगावात कुणाचे?"

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्या प्रश्नाने माणूस नकाशात सापडतो, दुसऱ्याने तो हातात येतो. तिसरा प्रश्न सासुरवाडीचा आणि चौथा मामाच्या गावाचा. पाचवा विचारायची वेळ सहसा येत नाही. "आरं, म्हंजी तुम्ही आमच्या थोरल्या साडूच्या चुलत मेव्हण्याचे व्याही!" असा एक आनंदोद्गार निघतो आणि ड्रायव्हरसकट सगळी गाडी मागे वळून बघते. मग पाव्हण्याला खिडकीची जागा मिळते, तंबाखू मिळते, उतरल्यावर चहा मिळतो आणि चहावर त्याच्या धाकट्या मुलीसाठी एखादं स्थळही मिळतं.

हे आजचं नाही. 1948 पर्यंत कडा निजामाच्या राज्यात होतं आणि शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांच्या. पुढे 1956 पर्यंतसुद्धा हैदराबाद आणि मुंबई अशी दोन वेगळी राज्यं होती. पण लेकी इकडून तिकडे जायच्या आणि सुना तिकडून इकडे यायच्या. दोन सरकारांच्या हद्दीवर वऱ्हाडाच्या बैलगाड्यांचा रस्ता कायम मळलेला. राज्यकर्त्यांना जोडता आलं नाही ते आमच्या साडूंनी आधीच जोडून ठेवलं होतं.

आता त्या एसटीतल्या माणसाकडे जरा नीट बघा. नातं निघायच्या आधी तो कुठे होता? मधल्या जागेत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने दांडी धरून उभा होता. पाय थरथरत होते आणि ते सगळ्यांना दिसत होते. साडू निघाला तेव्हा जागा झाली. मग बसायचा हक्क त्याच्या थरथरणाऱ्या पायांना मिळाला, की आमच्या साडूला? नातं न निघालेला दुसरा म्हातारा तसाच दांडीला लोंबकळत आष्टीपर्यंत गेला. त्याचे पाय काय कमी थरथरत होते? हा प्रश्न मी एकदा गाडीतच मोठ्याने विचारला. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, मग उठा की तुम्ही."

कड्याबाहेर मात्र नाती भलतीच उशिरा निघतात. माझा पुण्यातला पुतण्या सुट्टीत आला होता. पोरगा जपानी चित्रकथा वाचतो. आमच्या वयात आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकात घालून वाचल्या, हा मोबाइलमध्ये घालून वाचतो, एवढाच फरक. (अर्नाळकरांनी हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या आणि आमच्या पिढीची गणितं कच्ची राहण्यात त्यांचा मोठाच वाटा आहे.) तर हा पुतण्या एके दिवशी सुतकी चेहऱ्याने ओट्यावर येऊन बसला. मला वाटलं, निकाल लागला.

"काका, किड कॉनानचा चुलतभाऊ निघाला."

मी म्हटलं, "असेल. कुठल्या गावचे?"

मग त्याने मला सगळं सांगितलं. ते इतकं कड्याचं आहे, की मी थक्क झालो. गोशो आओयामा नावाचे एक गृहस्थ 1994 सालापासून एक गुप्तहेरकथा लिहिताहेत आणि चितारताहेत. शंभरावर खंड झाले, कथा अजून संपलेली नाही. शिनिची कुडो नावाचा सतरा वर्षांचा हुशार पोरगा. त्याला दुष्ट लोक विष पाजतात. तो मरत नाही, लहान होतो, पहिलीतल्या पोराएवढा. मग तो कॉनान हे खोटं नाव घेऊन आपल्याच मैत्रिणीच्या घरी राहतो, आणि तिला पत्ता नसतो. इथपर्यंत ठीक. याच आओयामांनी त्याच्याही आधी, 1987 साली, किड नावाचा एक जादूगार चोर दुसऱ्या मालिकेत आणला होता. तो चोर पुढे या कथेतही येऊ लागला. चोर आणि गुप्तहेर यांचा चेहरा अगदी एकसारखा. वाचक म्हणायचे, चित्रकाराला एकच चेहरा काढता येतो, बिचारा काय करणार! आणि 2024 साली आलेल्या सिनेमात, तोही संपून नावं वर सरकून गेल्यानंतर, कळलं, की या दोघांचे बाप जुळे भाऊ आहेत. आडनावं वेगळी, म्हणून कुणाला सुगावा नाही.

सदतीस वर्षं! आमच्या पारावर ही मालिका सदतीस मिनिटं चालली नसती. "कुडोंच्यात कुणाचा रं तू?" एवढं विचारलं की खेळ खलास.

त्याच कथेत म्हणे तीन सख्खी भावंडं आहेत आणि तिघांची तीन आडनावं आहेत, आकाई, हानेदा आणि सेरा. त्यांच्या मावशीची धाकटी मुलगी त्याच विषाने लहान होऊन कॉनानच्याच वर्गात बसलेली आहे. आणि तिच्या थोरल्या बहिणीवर या भावंडांतल्या थोरल्याचं प्रेम होतं. म्हणजे मावसबहिणीवर! मी पुतण्याला तिथंच थांबवला. मामाची मुलगी असती तर एक वेळ चाललं असतं, मावशीची म्हणजे बहीणच. आमच्याकडे स्थळाच्या कागदावर पत्रिकेच्याही आधी मामकूळ लिहितात, ते काय हौस म्हणून? आओयामांनी एक कागद नीट भरून घेतला असता तर कथेतले चार खंड वाचले असते.

पण पुतण्याचं दुःख निराळं होतं. "आता कॉनान किडला पकडणार कसा? भाऊ आहे ना!"

पोराचं भाबडेपण बघून मला गहिवरून आलं. पुण्यात वाढलेला. चुलतभाऊ म्हटलं की त्याला दिवाळीचे फटाके आठवतात. आमच्या भागात चुलतभाऊ म्हटलं की बांध आठवतो. शेजारचं रान परक्याचं असलं तर नांगर बांधाच्या हातभर अलीकडे थांबतो, चुलतभावाचं असलं तर हातभर पलीकडे जातो. कुडोंचं आणि त्या चोराचं आतापर्यंत किती छान चाललं होतं! चोर आगाऊ चिठ्ठी पाठवून चोरी करायचा, हा शिताफीने अडवायचा, दोघांना एकमेकांचं कौतुक. आता भावकी निघाली. लवकरच तारखा पडू लागतील.

महाभारतात तरी दुसरं काय झालं? नातं लपवण्याचा आणि ते नको त्या वेळी उघड होण्याचा तो मूळ खटला. कर्ण आपला भाऊ, हे पांडवांना कधी कळलं? युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी द्यायच्या वेळी. कुंती म्हणाली, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला. धर्मराज इतका संतापला, की इथून पुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही, असा त्याने शाप दिला. (हा शाप आमच्या गावात फक्त बायकांना लागलेला दिसत नाही.)

धर्मराजाचा राग मला समजतो, पण पटत नाही. तो म्हणतो, आधी कळलं असतं तर हा संहार झाला नसता. बरं, मग कर्ण खरोखरच सूताचा मुलगा असता तर? त्याला तसा मारला हे ठीक होतं? भर सभेत त्याची जात काढली हे ठीक होतं? भाऊ निघाला म्हणून मागचं सगळं एकदम पाप ठरलं. न निघालेल्या भावांचं काय? अठरा दिवसांत अठरा अक्षौहिणी माणसं गेली, त्यांच्यासाठी धर्मराजाने कुणाला शाप दिल्याचं ऐकिवात नाही.

त्यापेक्षा कर्ण मला बरा वाटतो. त्याला नातं युद्धाच्या आधीच कळलेलं होतं. कृष्णाने सांगितलं, राज्य देऊ केलं. पण ज्याने काहीही न विचारता जवळ केलं त्याला सोडून हा आईच्या पोटातून आलेल्या नात्याकडे गेला नाही. उलट कृष्णाला म्हणाला, हे धर्माला सांगू नकोस, तो राज्य माझ्या स्वाधीन करील आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. दोघंही एकमेकांना पुरते ओळखून होते. सख्खे भाऊच.

पुतण्या म्हणाला, "पण काका, लपवलेलं नातं एवढं सगळीकडे सापडतं, म्हणजे त्यात काहीतरी असणार." असणारच. मनमोहन देसाईंनी 1977 साली तीन हरवलेल्या भावांचं रक्त एकाच वेळी एकाच आईला चढवलं, तेव्हा आख्खं थिएटर मुसमुसत होतं. डॉक्टर मंडळीसुद्धा. कुणीतरी, कुठेतरी आपलं निघेल, ही आशा माणसाला सुटत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की न सापडलेल्या नात्यांसाठी आपण सदतीस वर्षं डोळे लावून बसतो आणि सापडलेल्यांचं काय करतो?

इथं मला आमच्या आत्याकडे यावं लागतं.

आत्या ऐंशी ओलांडलेली आहे. ती आमची आत्या आहे हे सगळ्या कड्याला, आष्टीला आणि बारा वाड्यांना ठाऊक आहे. लपवाछपवी काही नाही. फक्त एका ठिकाणी ती आमची कुणी नाही: सातबाऱ्यावर. आजोबा 1971 साली गेले, तेव्हा वारस म्हणून दोन मुलगे लागले. मुलीलाही बापाच्या मिळकतीत वाटा आहे, हे कायद्याने 1956 मध्येच सांगितलं होतं, पण चावडीपर्यंत यायला त्याला एसटी मिळाली नसावी. 1994 साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीतही मुलांसारखा जन्मतः हक्क दिला. ज्या वर्षी कॉनान लहान झाला त्याच वर्षी मुली मोठ्या झाल्या. पण लग्न होऊन गेलेल्या वगळून. 2005 साली दिल्लीने त्यांनाही आत घेतलं आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंका फेडली. एका बहिणीचं नातं कागदावर निघायला इतके खंड लागले. आओयामांना उगीच नावं ठेवली.

गेल्या वर्षी चुलते गेले. पुन्हा वारसनोंद आली. मी म्हटलं, आता हे होतंच आहे, तर आत्याचंही नाव लावू. चुलतभावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आत्या कुठं मागतीय?"

हा आमच्याकडचा बिनतोड मुद्दा आहे. साडीचोळी घेऊन माझे चुलतभाऊ दर दिवाळीला आत्याकडे जातात, तिच्या पाया पडतात, आणि यात काडीचंही ढोंग नाही. माणसं प्रेमळ आहेत. जीव देतील, गुंठा देणार नाहीत.

मी आत्याला जाऊन विचारलं, "तू कधी मागितलं का नाहीस?"

ती निवडत होती ते तांदूळ थांबले. म्हणाली, "मागायचं असतं व्हय? मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

मग आम्ही अर्ज केला. कार्यालयात विचारलं, ही बाई तुमच्या आजोबांची मुलगी कशावरून? प्रश्न रास्त होता. आजोबांच्या मुलीचं नाव एक आणि आत्याच्या आधारकार्डावरचं नाव दुसरं. लग्नात नाव बदललं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव गेलं. शाळेत घातलेलंच नव्हतं, त्यामुळे दाखला नाही. पुतण्याचे डोळे चमकले. विष न पाजतासुद्धा आख्खा माणूस दुसऱ्या नावाने दुसऱ्याच्या घरी राहू शकतो, हे त्याला कुठल्याच खंडात भेटलं नव्हतं.

साक्षीदार आणा म्हणाले. गावातली चार जुनी माणसं गाठली. "तिला कोण वळखत न्हाई?" म्हणाले सगळेच. लिहून द्या म्हटल्यावर एकाला गुरं आठवली, एकाला दवाखाना. तिसरा खरं बोलला. "गुरुजी, तुमी बी पाव्हणं, ते बी पाव्हणं. मला मधी घालू नगा." सगळ्यांशी सगळ्यांचं नातं निघतं त्या गावात साक्षीदार कुठून मिळणार?

शेवटी छडा लावला तो पुतण्याने. आत्याच्या माळवदावर चढून त्याने एक तांब्याची घागर खाली आणली. चिंचेने घासली, तशी काठाखालची अक्षरं वर आली. आजोबांचं नाव, त्यांच्या कन्येचं माहेरचं नाव, जावयाचं संपूर्ण नाव आणि 1958. पुतण्या ती डोक्यावर घेऊनच कार्यालयात गेला.

साहेबांनी घागर फिरवून फिरवून वाचली. त्यांचाही चेहरा खुलला. "अहो, हे जावई म्हणजे आमच्या मावशीच्या सासरचे!" चहा आला. पुतण्याला खुर्ची मिळाली. मग साहेब म्हणाले, पुरावा चांगला आहे, पण घागर फाइलीला जोडता येत नाही, हिची झेरॉक्स आणा.

पुतण्या सध्या कड्यातल्या दुकानांमधून घागर घेऊन हिंडतो आहे.